ऐकणारा डबा

ज्या यंत्राला माझ्या पायाशी ब्रेक नाही त्या यंत्रावर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी गाडी शिकवते. लोक मला मास्तरीणबाई म्हणतात. शिकणाऱ्याच्या शेजारी बसते तेव्हा माझ्या बाजूला माझा वेगळा ब्रेक असतो. समोरच्याने कितीही दिवे लावले तरी गाडी भिंतीवर जायच्या आत थांबवणं माझ्या हातात, म्हणजे पायात, असतं. इतकी वर्षं त्या एका पेडलच्या भरवशावर काढली.

आणि आमच्या ह्यांनी घरात काय आणून बसवलं? तर एक डबा, जो नुसता ऐकतो. थांबवत नाही, वळवत नाही, उत्तर देत नाही. नुसता ऐकतो आणि ऐकलेलं जगभर सांगत सुटतो. अशी माणसं आमच्या बिल्डिंगमध्ये कमी होती का?

आमचे हे लिफ्टचे मेकॅनिक. जन्मभर लोकांच्या लिफ्टी वरखाली केल्या आणि एक दिवस स्वतःच जिन्यात छाती धरून बसले. डॉक्टरांनी आत एक बारीक जाळी घातली. हे तिला स्प्रिंग म्हणतात. "स्प्रिंग बदललीय, आता गाडी नवी आहे," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मला ते अजून ऐकवत नाही, पण ह्यांना काय त्याचं.

नोकरी सुटली तसं वायरलेसचं जुनं खूळ दुपटीने वाढलं. हौशी रेडिओवाल्यांचा एक क्लब आहे. परीक्षा दिली की परवाना मिळतो आणि परवान्याबरोबर हवेतलं एक नाव मिळतं, अक्षरं आणि आकडे मिळून. त्या नावापुढे एक छोटा आकडा जोडायचा, म्हणजे त्याच माणसाचं कोणतं यंत्र बोलतंय ते इतरांना कळतं. ह्यांच्या हातातल्या सेटचा आकडा सात. झालं! सात म्हणजे जणू ह्यांचं आडनावच. पट्ट्या छापायचं एक मशीन आहे ह्यांच्याकडे, त्यावर ते नाव आणि सात छापून हे दिसेल त्याला चिकटवत सुटतात. छत्रीला, टॉर्चला, चष्म्याच्या घराला. माझ्या चांगल्या कात्रीलासुद्धा. मी विचारलं, "मलाही एक लावा ना कपाळावर." तर म्हणाले, "तू हरवत नाहीस."

आमच्या गच्चीतून समोर एक डोंगर दिसतो. त्याच्या माथ्यावर क्लबचा खांब आहे. खांबावरच्या यंत्रामुळे डोंगराच्या अलीकडची आणि पलीकडची मंडळी एकमेकांशी बोलू शकतात. तेच यंत्र मुकं झालं. क्लबातल्या बाकी सगळ्यांना नोकऱ्या. रिकामे कोण, तर आमचे हे. "मी जातो, चढून बघून येतो," म्हणाले. मी म्हटलं, "माझ्या प्रेतावरून जा." त्या वाटेवर मोबाइलची रेंज नाही. खांबच बंद, म्हणजे हातातल्या सेटवरून बोललं तरी कोणाला ऐकू जाणार नाही. छातीत स्प्रिंग घेऊन हा माणूस एकटा चढणार आणि मी खाली बसून काय करू, कपडे वाळत घालू?

चार दिवस आमच्यात अबोला होता. पाचव्या दिवशी हे हसत आले आणि म्हणाले, "आपण गच्चीवर कान बसवू."

कान म्हणजे हा डबा. गच्चीच्या कठड्याला पाइप बांधून त्यावर एक अँटेना, तिथून एक वायर खिडकीतून हॉलमध्ये, आणि हॉलमध्ये टेबलावर तळहाताएवढा कॉम्प्युटर एका प्लॅस्टिकच्या डब्यात. शेजारी एक छोटा स्पीकर, अँटेनाला हवेतून काही आलं की वाजणारा. ह्यांच्या हातातला सेट आपण कुठे आहोत ते आपसूक हवेत सोडत राहतो. चालताना भराभर, बसलं की सावकाश. गच्चीवरच्या कानाने ते ऐकायचं, डब्याने ते इंटरनेटवर टाकायचं, की नकाशावर ठिपका उमटतो. ठिपका म्हणजे हे. क्लबचा आधीचा एक कान होता, पण तो डोंगरापलीकडे. अलीकडच्या वाटेवरचं त्याला काही ऐकू जात नव्हतं. आमच्या गच्चीला ती सगळी वाट समोर.

"याला गेटवे म्हणतात," हे म्हणाले. "इकडून हवेतलं घ्यायचं, तिकडे नेटवर द्यायचं."

"आणि तिकडचं इकडे?"

"ते नाही. हा फक्त ऐकतो."

"म्हणजे मी इथून ओरडले, परत या म्हणून, तर?"

"तर शेजारी ऐकतील."

"मग बोलणारा का नाही बसवत?"

"बोलणाऱ्याला ताप फार. चुकून भलतंच बोलला तर सगळ्यांच्या कानात. ऐकणाऱ्याकडून कोणाला त्रास नाही."

फक्त ऐकतो आणि उलट बोलत नाही, असं काहीतरी या घरात पहिल्यांदाच येत होतं. मी म्हटलं, ठीक आहे, बसू दे.

बसवायला एक सबंध रविवार गेला. हे गच्चीवर पाइपाशी झटापट करत होते आणि मी खिडकीतून वायर ओढत होते. मग ह्यांनी खाली येऊन कॉम्प्युटरमध्ये काय काय भरलं. त्याच वेळी क्लबच्या म्होरक्याचा फोन आला. त्याला सगळे बॅटरी म्हणतात, कारण तो बोलायला लागला की उतरत नाही. फोन स्पीकरवर होता. बॅटरी सांगत होता, "डब्याला वेगळा आकडा द्या हं. दहा द्या." हे म्हणाले, "हो हो, देतो." फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "माझ्याच घरात मला दोन नावं कशाला?" मग पट्टी छापायच्या मशीनवर खटखट केलं आणि डब्याच्या झाकणावरही आपलं नाव चिकटवून टाकलं, सातासकट. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. कात्रीवर चालतं तर डब्यावर का नाही?

नंतर चाचणी घेतली. हे सेट घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले, मी घरच्या लॅपटॉपवर नकाशा लावून बसले. स्पीकरमधून किर्रर्र असा आवाज आला, रातकिड्याचा गळा धरल्यासारखा, आणि आमच्या बिल्डिंगवर ठिपका उमटला. हे परत आले आणि किल्ली खिशात असताना बेल वाजवली. टिंग-टिंग, दोनदा, लागोपाठ. कायमची सवय. "किल्ली काय शोभेला ठेवलीय?" हे मी लग्न झाल्यापासून विचारते. "दार उघडायला कोणी असलं की बरं वाटतं," हे ह्यांचं तेव्हापासूनचं उत्तर.

"दिसलो ना?" ह्यांनी विचारलं.

"दिसलात."

"शेवटचं किर्र मी बटण दाबून पाठवलं. आपोआप जातंच, पण मनात आलं तर मध्येच दाबूनही पाठवता येतं."

मग सौदा ठरला. ठिपका दिसत असेल तरच चढायचं. बॅटरीनेही शब्द दिला, ठिपका डोंगरावर एकाच जागी बसून राहिला की तो आणि आणखी एक जण ताबडतोब वर जातील. आणि ह्यांची बहीण, म्हणजे आमच्या वन्सं, लांबच्या शहरात आपल्या घरी बसून तोच नकाशा बघणार. एवढी फौज झाल्यावर मी नाही कशी म्हणणार?

जायच्या सकाळी भांडण झालंच. मी म्हटलं, गोळ्यांची डबी घ्या. म्हणाले, घेतली. मी म्हटलं, दाखवा. ह्यांच्या नाकावर राग चढला. "मी काय तुझ्याकडे गाडी शिकायला आलोय?" असं म्हणून दार आपटून गेले. एरवी निघताना "येतो" म्हणतात. त्या दिवशी तेही नाही.

मी शिकवण्या दुपारनंतर ढकलल्या आणि नकाशासमोर बसले. किर्र. ठिपका पुढच्या चौकात. किर्र. ठिपका पुलाजवळ. किर्र, किर्र, किर्र. डोकं उठलं. रागात होतेच. स्पीकरचं बटण पिळून आवाज बंद केला. ठिपका दिसतोय ना, मग कानाला त्रास कशाला?

वन्संचा फोन आला. "वहिनी, दादा बघ कसा टकाटका चढतोय! तू उगीच घाबरतेस."

"हो ना," मी म्हटलं.

"मध्येच एकदा घरी दिसला. काही विसरला होता का?"

"नाही बाई. घरी कुठे आले?"

"मग माझंच नेट हुकलं असेल," त्या म्हणाल्या आणि विषय तिथेच राहिला.

मी उठून स्वयंपाकघर आवरलं, आंघोळ केली. परत येऊन बघते तर ठिपका आमच्या घरावर. बरोबर आमच्याच बिल्डिंगवर, आमच्याच बाजूला. म्हटलं, आले वाटतं! एवढ्यात? बेल तर वाजली नाही. मी दार उघडलं. जिना रिकामा. खाली वाकून हाक मारली. उत्तर नाही.

फोन वाजला. "वहिनी, दादा घरी आला ना? दे त्याला."

"नाही आले हो."

"अगं, असं काय करतेस? नकाशावर दिसतोय. भांडलात का पुन्हा?"

आता भांडण झालंच होतं, तर नाही कसं म्हणू? मला वाटलं, रागावून आले असतील आणि घरात न येता लिफ्टच्या खोलीत जाऊन बसले असतील. भांडण झालं की ह्यांची ती हक्काची जागा. गच्चीवरच्या त्या खोलीत लिफ्टची मोटर आहे, तिच्याशेजारी पालथ्या बादलीवर बसतात. मी वर गेले. मोटर होती, बादली होती. हे नव्हते. गच्चीवर अँटेना वाऱ्यात उभी होती. पाण्याच्या टाकीमागेही बघितलं. टाकीमागे कोण लपतं, पण बघितलं.

खाली आले तर ठिपका डोंगरावर!

मी खुर्चीवर बसले. डोळे पुसले, चष्मा पुसला, लॅपटॉपची काचसुद्धा पुसली. ठिपका डोंगरावरच, खांबाच्या जरा खालच्या वळणावर. म्हणजे मी जिना उतरेपर्यंत हा माणूस डोंगरावर पोचला? मी तिथून हलले नाही. पापणी न लवता बघत राहिले. बराच वेळ गेला आणि टुणकन ठिपका घरी.

"अहो!" मी मोठ्याने हाक मारली. रिकाम्या हॉलमध्ये.

पुन्हा वन्संचा फोन. आता त्यांचा स्वर रडवेला. "वहिनी, मला काही बरं वाटत नाही. तू मला वेडी म्हणशील, पण माणूस जाताना शेवटचा घरी येऊन जातो म्हणतात गं."

"वन्सं, तोंड बंद करा!" मी अशी ओरडले की त्यांनी फोनच ठेवला. पाणी प्यायला म्हणून उठले, तर दाराजवळ चपलांच्या फळीवर गोळ्यांची डबी. तीच, छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी असलेली. बूट घालताना खाली ठेवली आणि तशीच राहिली. झाकणावर ह्यांच्या नावाची पट्टी, सातासकट.

मी डबी मुठीत धरली आणि बॅटरीला फोन लावला.

"बॅटरीभाऊ, तुम्ही वर जा. ताबडतोब."

"वर कशाला? साहेब घरी आलेत की! आत्ताच ठिपका बघितला. मी आणि दुसरा गडी तयारच होतो, मधे बराच वेळ ठिपका वळणावर होता. पण घरी दिसले म्हणून बूट काढले."

"घरी नाहीत हो ते."

"वहिनी, नकाशा खोटं बोलत नाही."

"मग मी बोलते का? मी घरात उभी आहे! घर केवढं आहे माझं, महाल आहे का, की नवरा कुठे आहे ते दिसू नये?"

"चिडू नका. द्या बरं त्यांना फोन."

आता याला काय म्हणावं? "भाऊ," मी म्हटलं, "माझ्यासमोर टेबल आहे, खुर्ची आहे आणि तुमचा तो डबा आहे. यातल्या कोणाला देऊ फोन?"

"सेट घरी ठेवून गेले असतील," तो म्हणाला. "म्हणून घरी दिसत असतील."

"आणि डोंगरावर?"

बॅटरी जरा अडखळला. "ते... कधीकधी जुनं ऐकलेलं उशिरा उमटतं. थांबा, मी दोन-चार जणांना विचारून सांगतो." आणि ठेवला फोन. विचारून सांगतो म्हणे! माझा नवरा दोन ठिकाणी आहे की एकाही ठिकाणी नाही, हे हा विचारून सांगणार होता.

माझं डोकं फिरलं. सगळी लबाडी या डब्याची आहे, असं मनाने घेतलं. गेले आणि सरळ प्लग ओढला. डब्यावरचा हिरवा दिवा विझला. आता बघू कोण कुठे दिसतं. नकाशासमोर बसले. ठिपका घरी होता, तो तसाच थिजला. नवीन काही येईना. घरचंही नाही, डोंगरावरचंही नाही. मग लक्षात आलं, मी काय करून बसले! घरचा ठिकाणा सांगणारा हाच डबा आणि डोंगरावरचं ऐकणाराही हाच डबा. त्याला गप्प केलं तर तिकडून काही आलेलं मला कळणारच नाही. चालत्या गाडीत शिकणाऱ्याला शांत बसवायला त्याचे डोळे बांधावेत तसं झालं.

प्लग परत लावला. घाईत दोनदा भोक चुकलं. हिरवा दिवा लागला, पण डब्याला जागं व्हायला वेळ लागतो. बघता बघता जीव टांगणीला लागला. शेवटी नकाशावर ठिपका आला. कुठे? घरी. सगळ्यात आधी घरी.

पण डबा तर आत्ता उठला होता. उठल्या उठल्या त्याला डोंगरावरचं ऐकू आलं नाही आणि घरचं बरं लगेच ऐकू आलं? घरी बोलायला होतं कोण?

मी स्पीकरचं बटण पिळलं. नुसती खरखर. तशीच बसून राहिले. किती वेळ ते देव जाणे. मग किर्रर्र! सकाळी ज्याला शिव्या घातल्या तोच आवाज. ठिपका टुणकन डोंगरावर. पुन्हा खरखर, खरखर, आणि आवाज नाही, काही नाही, ठिपका गुपचूप घरी. पुन्हा वाट बघितली. किर्रर्र, डोंगरावर.

किर्र झालं की डोंगर. किर्र न होता घर. मी मुठीतली डबी बघितली. मग टेबलावरचा डबा बघितला. दोन्हीवर एकच पट्टी. तेच नाव, तोच सात.

बॅटरीला फोन लावला. "भाऊ, मधे बोलू नका, नुसतं ऐका. स्पीकर वाजतो तेव्हा ठिपका डोंगरावर दिसतो. वाजत नाही तेव्हा घरी दिसतो. हा डबा स्वतःची पण जागा सांगतो का?"

"सांगतो ना, थेट नेटवर. सगळेच गेटवे सांगतात, म्हणजे लोकांना कळतं इथे कान आहे. पण ती डब्याच्या नावाने. दहा आकड्याने."

"डब्यावर सात लिहिलंय."

बॅटरी गप्प झालेला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

"अरे देवा," तो शेवटी म्हणाला. "दोघांचं नाव एक. डबा बोलला की साहेब घरी, सेट बोलला की साहेब डोंगरावर. वहिनी, चाचणीत कसं नाही कळलं?"

"चाचणी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत घेतली होती. तिथला ठिपका घरावरच पडतो."

"आणि तो डोंगरावरचा ठिपका..."

"मघापासून त्याच वळणावर आहे, भाऊ. जराही हललेला नाही. आणि गोळ्या माझ्या हातात आहेत."

मग मात्र त्याने वेळ घालवला नाही. गोळ्या घ्यायला आमच्याकडे येण्यापेक्षा वाटेतल्या औषधाच्या दुकानातून घेतो म्हणाला. गोळीचं नाव माझ्याकडून वाचून घेतलं. बूट घालता घालता मला लॅपटॉपवरून डब्यात कुठे जायचं ते सांगितलं. मी सात पुसून दहा केलं. डबा बंद करून चालू केला. "वर रेंज नाही, मला फोन करता येणार नाही," तो म्हणाला. "तुम्ही ऐकत राहा."

आता नकाशावर दोन ठिपके झाले. दहा घरी, सात वळणावर. इतका वेळ जो गोंधळ होता तो मिटला, आणि मिटल्यावर कळलं की गोंधळ बरा होता. निदान अधूनमधून हे घरी तरी दिसत होते. आता घरी डबा होता. हे तिकडे होते, एकटे, एकाच जागी.

किर्रर्र. सात, वळणावर.

सुरुवातीला प्रत्येक किर्रला माझ्या जिवात जीव येत होता. आहेत, हे आहेत. वन्संना फोन करून सांगितलं, "आवाज येतोय, घाबरू नका." त्या रडायला लागल्या. "काय म्हणतोय दादा?" मी म्हटलं, "काही म्हणत नाहीत. नुसतं इथे आहे म्हणतात." आणि बोलता बोलता मीच थबकले. कोण म्हणतंय, इथे आहे? सेट म्हणतोय. हे आपोआप जातं, असं ह्यांनीच सांगितलं होतं. सेटला काय, खिशात असला की झालं. खिसा ज्याचा तो श्वास घेतोय की नाही, त्याच्याशी सेटला काय करायचंय? आतले सेल संपेपर्यंत तो किर्र किर्र करत राहील.

मी फोन ठेवला. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मी डब्यावर, ह्यांच्यावर, बॅटरीवर, सगळ्यांवर चिडले. बोलणारा का नाही आणला? एक शब्द तिकडे पोचवता आला असता. निघाले आहेत, हलू नका, एवढाच. माझा उजवा पाय टेबलाखाली जमिनीवर घट्ट रोवला होता. कधीपासून कोण जाणे. पोटरीला गोळा आला तेव्हा समजलं, मी इतका वेळ ब्रेक दाबून बसले होते.

किर्रर्र. मग लांबलचक खरखर. मग किर्रर्र. सावकाश, ठरल्यासारखं, यंत्र बोलतं तसं. ऊन टेबलावरून खाली उतरलं. खालच्या मजल्यावर कोणीतरी भांडी आपटत होतं. मी ह्यांना मनातल्या मनात सगळं बोलून घेतलं, सकाळचं राहिलेलं आणि त्याआधीचंही. शेवटी नुसतं "अहो, अहो" एवढंच राहिलं.

आणि मग लागोपाठ दोनदा.

किर्र-किर्र.

मी उठले. "किल्ली काय शोभेला ठेवलीय?" असं म्हणत दारापाशी गेले, कडी काढली, दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. जिना रिकामा, लिफ्ट बंद. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि तेव्हा मला कळलं मी का उठले ते. तिथेच चपलांच्या फळीवर बसले आणि भोकाड पसरून रडले. समोरच्या घरातली बाई धावत आली, काय झालं, काय झालं म्हणून. मी तिला सांगितलं, "बेल वाजवली हो ह्यांनी." ती घाबरून माझ्याकडे बघत राहिली, कारण बेल काही वाजली नव्हती.

दिवेलागणीला ह्यांना खाली आणलं, बॅटरी आणि दुसरा गडी या दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. खांबावरचं यंत्र पार जळलं होतं, ते तसंच मुकं ठेवून उतरताना पाय घसरला आणि घोटा मोडला. मग छातीत थोडं दाटल्यासारखं झालं. खिसे चाचपले, डबी नाही. म्हणून हलायचंच नाही असं ठरवून दगडाला टेकून बसून राहिले होते. एरवी न ऐकणारा माणूस, तेवढी अक्कल कुठून सुचली कोण जाणे.

दवाखान्यात मी पोचले तेव्हा पायाला प्लॅस्टर चढलं होतं आणि छातीला वायरी लावल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. बॅटरी कोपऱ्यात उभा राहून नर्सला गेटवे समजावून सांगत होता. मी डबी ह्यांच्या उशाशी आपटली.

"घेतली होती ना?"

ह्यांनी डबी उशीखाली सरकवली. मग हळूच म्हणाले, "बॅटरीने सांगितलं सगळं. साताचं."

"घरी गेल्यावर ते पट्ट्यांचं मशीन मी फेकून देणार आहे."

"दे." मग म्हणाले, "वर बसल्या बसल्या एक बटण तेवढं दाबता येत होतं. पलीकडे कोणी आहे की नाही कळायला काही मार्ग नाही. डबा काही उलट बोलत नाही. तरी म्हटलं, बेल तरी वाजवून बघू."

मला बरंच बोलायचं होतं. ह्यांचा हात धरला, तो गार होता.

"मी उघडलं होतं दार," मी म्हटलं.